सांधेवाले वकीलसाहेब

खोली भाड्याने देण्याआधी बिऱ्हाडकरूची उलटतपासणी घेणारा घरमालक मी आयुष्यात एकच पाहिला. मी तेव्हा पंचविशीचा होतो. नाशकातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायला नुकताच रुजू झालो होतो आणि ट्रंक-वळकटी घेऊन रविवार कारंज्याजवळच्या एका दुमजली घराच्या ओसरीवर उभा होतो. समोर काळा कोट, स्वच्छ धोतर आणि कपाळावर चढवलेला चष्मा.

"ठाण्याहून आलात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दिवसाच्या गाडीने?"

"हो."

"मग घाटाच्या गाडीत काय पाहिलंत ते सांगा."

जात कोणती, लग्न झालंय का, रात्री किती वाजता घरी येता, असल्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून आलो होतो. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. म्हणालो, "इगतपुरीला विजेचं इंजिन काढून कोळशाचं लावलं."

"ऐकीव सांगताय की पाहिलंत?"

"पाहिलं. फलाटावर उतरलो होतो. इंजिन मागे सरकत येऊन लागलं तेव्हा सगळे डबे जरा हलले."

चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि आत वळून हाक दिली, "अहो, ऐकलंत का? खालच्या दोन खोल्या गेल्या. चहा टाका."

सगळं नाशिक त्यांना वकीलसाहेब म्हणायचं, मीही तेच म्हणतो. चहा संपल्यावर त्यांनी मला माडीवर नेलं. दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. अख्खी लांब खोली घाटाने भरली होती. बांबूच्या कामट्यांवर गोणपाट ताणून त्यावर चुना लिंपलेले डोंगर होते. गोदावरीच्या पायऱ्यांवरचं शेवाळ वाळवून त्याची झाडी केली होती. बोगद्यांच्या तोंडाला कंदिलाची काजळी धरली होती. इगतपुरी फडताळाच्या उंचीवर होती. तिथून रूळ वळणं घेत, बोगद्यांतून, एका पितळी पुलावरून उतरत उतरत खोलीच्या दुसऱ्या टोकाला कसाऱ्याला येऊन टेकत होते. वर्गात फळ्यावर खडूने सह्याद्री काढणारा मी माणूस. त्या दिवशी मला माझ्या खडूची लाज वाटली.

कसाऱ्यापुढे भिंत होती. मी विचारलं, "आणि मुंबई?"

"खोली संपली," ते म्हणाले.

इंजिनं आणि डबे विलायती, चावीवर चालणारे. देवळालीच्या कॅम्पातला एखादा साहेब मायदेशी निघाला की त्याच्या बंगल्यापुढे सामानाचा लिलाव व्हायचा. तिथे इतर वकील खुर्च्या आणि पियानो बघत फिरायचे, तेव्हा आमचे वकीलसाहेब साहेबाच्या पोरांच्या खोलीत गुडघ्यावर बसलेले असायचे. पण त्या गाडीला खेळणं म्हणायची सोय नव्हती. 'खेळ' हा शब्द माडीवर बंद होता. चुकून कुणाच्या तोंडून गेला तर त्याने खाली जाऊन सगळ्यांचा चहा वर आणायचा. पहिल्या महिन्यात मी इतक्या वेळा चहा आणला की वहिनींना, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नीला, वाटलं हे नवे मास्तर फारच कामसू आहेत.

रविवारी दुपारी माडीवर मंडळ जमायचं. अप्पा तांबट यायचे. दिवसभर हंडे ठोकून कान बधिर झालेले, त्यामुळे कुजबुजले तरी गल्लीला ऐकू जाई. पितळी पूल त्यांचा. उस्मानभाई घड्याळजी यायचे, त्यांच्याकडे इंजिनांच्या पोटातल्या स्प्रिंगा. आणि मी. आत्याबाईंनी, वकीलसाहेबांच्या आत्याने, उस्मानभाईंसाठी निळ्या काठाची वेगळी कपबशी काढून ठेवली होती. वकीलसाहेब दर रविवारी चुकून त्याच कपातून चहा पीत. इतकी वर्षं इतक्या नेमाने चूक करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेवटी आत्याबाईंनी नाद सोडला.

आमच्या गप्पा बाहेरच्या माणसाने ऐकल्या असत्या तर आम्हाला वेड्यांत काढलं असतं.

"अप्पा, तुमचा पूल कुरकुरतोय."

"कुरकुरंना का! खरा पूल काय गप बसतो का?"

"वकीलसाब, मेरी मानो, आता एक बिजलीचं इंजिन करू. जमाना बदल गया."

"उस्मानभाई, विजेचं इंजिन म्हणजे चाकं लावलेलं कपाट. त्याला भूक नाही, तहान नाही, धाप नाही. ज्याला धापच लागत नाही त्याच्या चढण्याचं कौतुक कसलं?"

"अहो, पण मुंबईकडून आता तेच घाट चढतं," मी म्हणायचो.

"मास्तर, सूर्य पृथ्वीभोवती फिरत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी संध्याकाळी 'पृथ्वी वळली' म्हणत नाही."

वकील होते, आणि चांगले होते.

एका वर्षी रुळांमधल्या खडीचा प्रश्न निघाला. वाळू बारीक पडे, खडे मोठे पडत. वकीलसाहेबांनी खूप विचार करून राजगिरा निवडला. दिसायला अगदी खडीसारखा. वहिनींचा डबा एका रविवारी रिकामा झाला आणि सोमवारी आली एकादशी. त्या दिवशी घरात काय झालं ते मी खालून ऐकलं, लिहीत नाही. पुढे पावसाळ्यात माडीचं एक कौल सरकलं आणि घाटावर बेताची ओल आली. आम्ही रविवारी जाऊन बघतो तर दोन रुळांच्या मधून हिरवे कोंभ! अप्पांनी उपटायला हात पुढे केला. वकीलसाहेबांनी तो धरला.

"राहू द्या. इगतपुरीला पाऊस जास्तच असतो."

महिनाभर गाडी त्या कोंभांना चिरडत जात-येत राहिली आणि आम्ही चौघे शहाणे पुरुष त्याला 'लायनीवरचं जंगल' म्हणत राहिलो.

त्यांचा आणखी एक नेम होता. नाशिक रोडवर खरी मेल आल्याशिवाय माडीवरची मेल हलत नसे. स्टेशन गावापासून लांब. गाडी आली की टांगे प्रवासी घेऊन गावात येत आणि कारंज्यावरून जाताना त्यांच्या घुंगरांचा आवाज माडीवर ऐकू येई. टांगे आले नाहीत, म्हणजे मेल लेट. मग आम्ही बसून राहायचो. चहा निवायचा, अप्पा पेंगायचे. मी एकदा म्हणालो, "आपली तर सोडू या." वकीलसाहेब माझ्याकडे असे बघत राहिले की मी जणू कोर्टात खोटी साक्ष दिली होती. "मास्तर, तिथे चारशे माणसं उन्हात उभी आहेत. आपण इथे गाडी सोडून मोकळे व्हायचं?" त्या माणसाचा हा वेडेपणा होता, हे मला कळत होतं. पण त्याच्यापुढे मान खाली जायची, हेही खरं.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जिच्यावाचून वकीलसाहेब कळायचे नाहीत. घाट उतरताना एके जागी मुख्य रुळापासून एक फाटा फुटतो आणि तो उलटा वर, डोंगराच्या पोटात चढत जाऊन संपतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. तिथला सांधा, म्हणजे गाडीची वाट बदलणारे सरकते रूळ, एरवी नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने फाट्याच्या अलीकडे पूर्ण थांबायचं आणि शिटी द्यायची. गाडी ताब्यात आहे हे सांधेवाल्याने डोळ्यांनी पाहायचं, मग सांधा फिरवून तिला खालची वाट द्यायची. जी गाडी थांबणार नाही, ती आपोआप चढणीला लागेल, धाप लागून थांबेल आणि माणसं वाचतील.

वकीलसाहेबांच्या मते माणसाच्या बुद्धीने लावलेला याहून मोठा शोध जगात नव्हता. "कायद्याची पुस्तकं माणूस घसरल्यावर उघडतात," ते म्हणायचे, "हा सांधा आधीच त्याची वाट बघत उभा असतो." माडीवरच्या घाटातही ते सायडिंग होतं. बाकी सगळ्याला आम्ही हात लावायचो, पण त्या सांध्याची दांडी फक्त त्यांची. तिथे ते स्टूल टाकून बसायचे.

आणि हाच कायदा त्यांनी आयुष्याला लावला होता. ओसरीवर एक लाकडी बाक होता, त्याचं नाव सायडिंग. रागाने लाल झालेला अशील आला की त्याला पाणी देऊन बाकावर बसवायचं आणि सांगायचं, "थांबा, शिटी द्या, मग आत या." पुष्कळ जण बसल्या बसल्या निवत आणि घरी जात. कोर्टातले सोबती म्हणायचे, हा वकील आहे की ब्रेकमन?

एकदा दिंडोरीकडचा एक शेतकरी सख्ख्या भावावर दावा लावायला आला. बाकावर बसेचना.

"सायेब, मला केस टाकायचीच हाय. लय झालं. त्यानं माझ्या बांधावरचं झाड तोडलं."

वकीलसाहेब त्याला माडीवर घेऊन गेले. इंजिनाशिवाय चार डबे त्यांनी इगतपुरीवरून सोडून दिले. डबे वेग घेत घेत, बोगद्यातून सुटत, पुलावरून थडथडत निघाले. शेतकरी ओरडला, "आरं, धरा की! पडंल ना!" डबे सांध्यावर आले, फाट्याला लागले, चढ चढले आणि कुणी हात न लावता अगदी हळू थांबले. शेतकऱ्याने श्वास सोडला. मीही सोडला. तो प्रकार मी शंभरदा पाहिला असेल, पण दर वेळी तसंच होई.

"हे तुमचं डोकं," वकीलसाहेब म्हणाले. "आता थांबलंय. आता सांगा, झाड कसलं होतं?"

"बाभळीचं," तो म्हणाला, आणि स्वतःच खाली बघू लागला. चहा पिऊन गेला. दावा त्याने लावलाच, पण दुसऱ्या वकिलाकडून. वकीलसाहेबांना त्याचं काही वाटलं नाही. "थांबला तर होता," ते म्हणाले.

चावीच्या गाडीला शिटी नसते. आमच्या घाटात ती द्यायची वकीलसाहेबांची एकुलती एक मुलगी, कुसुम. तोंडाने, ओठांचा चंबू करून. मी राहायला आलो तेव्हा ती परकरी पोर होती, आणि तिची शिटी ऐकून कारंज्यावरचे टांगेवाले घोडी आवरायचे. इंजिन कसं बोलतं, चढावर कसं, सांध्याशी थांबल्यावर कसं, ते तिला वडिलांनी शिकवलं होतं. पण वयाचं तेरावं लागलं तसं आत्याबाईंनी बजावलं, "पोरीच्या जातीने शिट्या मारू नयेत." त्या दिवसापासून ती बंद झाली. आईमाघारी वकीलसाहेबांना आत्याबाईंनीच वाढवलं होतं, त्यांच्यापुढे त्यांची वकिली चालत नसे. पुढे उस्मानभाई पत्र्याची शिटी फुंकायचे. तिचा आवाज शाळेतल्या ड्रिलमास्तरासारखा होता. कुसुम रविवारी माडीवर यायची, इंजिनाला चावी द्यायची, रुळाला तेल घालायची आणि शिटीच्या वेळी खिडकीबाहेर बघायची.

रेल्वेचा असा ध्यास घेतलेला हा माणूस जन्मात एकदाही आगगाडीत बसला नव्हता. सगळा घाट त्यांनी पायी पाहिला होता. आग्रा रोडने मोटारीतून इगतपुरीला जायचं आणि लायनीच्या कडेकडेने उतरायचं. मुंबईचं काम आलं तर ते दुसऱ्या वकिलाला देऊन टाकायचे. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: "गाडीत बसलं की गाडी दिसत नाही." आम्हाला ते पटायचंही.

एका दिवाळीत मी गावी निघालो तेव्हा ते मला पोचवायला नाशिक रोडला आले. गाडी लागली तसे ते माझ्या डब्यापाशी न थांबता फलाटाच्या टोकाला गेले, इंजिनापाशी. मी सामान ठेवून त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "एकदा तरी बसा की. घाट आतून कसा दिसतो ते बघा."

ते इंजिनाकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "मी सहा-सात वर्षांचा असेन. आईला औषधपाण्यासाठी मुंबईला नेत होते. वडिलांनी मला इथे आणलं होतं, तिला निरोप द्यायला. ती खिडकीशी बसली होती. मी इंजिन बघायला इकडे पळत आलो. गाडी सुटली. तिचा डबा माझ्यासमोरून गेला, ती हात करत होती म्हणे. आत्याबाई सांगते. मी चाकं बघत होतो."

"मग?"

"मग काय? ती परत आलीच नाही."

गार्डाने शिटी दिली म्हणून मी पळत जाऊन डब्यात चढलो. त्यांच्यासमोरून जाताना मी खिडकीतून हात केला. ते चाकं बघत होते. कसाऱ्यापुढची भिंत मला त्या दिवशी कळली.

कुसुम मॅट्रिक झाली, चांगली झाली, आणि तिने घरात सांगितलं की मला मुंबईला कॉलेजात जायचंय आणि पुढे डॉक्टर व्हायचंय. घरात जणू भांडं पडलं. आत्याबाई म्हणाल्या, "नांदगावचं स्थळ आलंय ते काय परत पाठवायचं? मुंबईला गेलेलं माणूस या घराने एकदा पाहिलंय." वहिनी म्हणाल्या, "माझं काय विचारता, यांना विचारा." वकीलसाहेब म्हणाले, "विषय सायडिंगला आहे."

एक आठवडा गेला, दोन गेले. कॉलेजचा अर्ज पाठवायची मुदत संपत आली. नांदगावच्या लोकांचा निरोप पुन्हा येऊन गेला. कुसुमने विचारलं की उत्तर एकच, "थांब." ज्या माणसाने गावातल्या शंभर जणांना शांत केलं होतं, तो स्वतःच सांध्याची दांडी धरून बसला होता आणि सोडत नव्हता. वहिनींनी मला जिन्यात गाठलं.

"भाऊजी, तुम्ही तरी बोला. पोरीचं वर्ष जाईल हो. मग वर्ष गेलं की नांदगावच."

मी वर गेलो. ते बोगद्यात दिवा घालून बघत होते. मी म्हणालो, "कुसुमचं..."

"मास्तर, या बोगद्याला काजळी कमी पडतेय का?"

मी काजळी बघून खाली आलो. असली माझी वकिली.

पुढच्या रविवारी आम्ही नेहमीसारखे जमलो. घुंगरं वाजली, मेल आली होती. कुसुम वर आली. तिने इंजिनाला चावी दिली, चार डबे जोडले आणि आम्हाला काही न विचारता गाडी इगतपुरीहून सोडली. गाडी उतरू लागली. रुळाच्या कडेला उस्मानभाईंनी एक पट्टी बसवली होती, ती वर केली की इंजिनाचा ब्रेक लागे. सांध्याच्या अलीकडे कुसुमने पट्टी वर केली. गाडी थांबली. उस्मानभाईंनी पत्र्याची शिटी तोंडाकडे नेली. तिने मान हलवून त्यांना नको म्हटलं.

आणि तिने ओठांचा चंबू केला.

किती वर्षांनी तो आवाज ऐकला! एक लांब आणि एक आखूड, घाटात थांबलेलं इंजिन देतं अगदी तशी. खाली आत्याबाईंच्या हातातलं काहीतरी खण्णकन पडलं. वकीलसाहेब स्टुलावर होते, हात दांडीवर. हात हलला नाही.

तिने पुन्हा शिटी दिली.

"ऐकली," वकीलसाहेब म्हणाले.

"गाडी थांबली आहे, बाबा."

"दिसतंय."

"ताब्यात आहे?"

"आहे."

"मग सांधेवाल्याने काय करायचं असतं?"

अप्पांना सगळं ऐकू गेलं होतं, त्यांच्या तोंडावरून कळत होतं. मी बाहेर बघावं की आत, मला सुचेना.

"कुसुम," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज मी कोर्टात ऐकला होता, ओसरीवर ऐकला होता. हा वेगळा होता. "खाली घाट आहे गं."

"म्हणून तर थांबले ना," ती म्हणाली. "गाडी थांबली नाही तर सायडिंगला घालायची. थांबून शिटी दिली तर वाट द्यायची. तुम्हीच शिकवलंत. थांबलेल्या गाडीला वाट न देणारा सांधेवाला मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नाही."

उस्मानभाई हळूच म्हणाले, "वकीलसाब, कायदा तर तुमचाच आहे."

वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. डोळे पुसले की काय, मला दिसलं नाही, कारण माझेच धड नव्हते. मग त्यांनी दांडी ओढली. खट् असा आवाज झाला आणि सांधा फिरला. कुसुमने पट्टी खाली केली. गाडी उरलेला घाट संथ उतरून कसाऱ्याला गेली आणि भिंतीशी थांबली. अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळीच टपालात पडला. वकीलसाहेब स्वतः टाकून आले.

आपण शिकवलेला कायदा आपल्यावर उलटला की तो बदलणारे लोक मी पुष्कळ पाहिले. शाळेत पाहिले, घरात पाहिले. आणि स्वतःच्या कायद्यापुढे स्वतः मान तुकवणारा हा एक. मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला तो त्या दुपारी, आणि तो अजून तसाच आहे.

जूनमध्ये कुसुम निघाली. आम्ही सगळे नाशिक रोडला गेलो. आत्याबाई आल्या, डोळ्यांना पदर लावून का होईना. वहिनींनी डबे इतके बांधले होते की जणू मुंबईत अन्नच मिळत नसावं. अप्पांनी स्वतः ठोकलेला तांब्या आणला होता. त्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत कुसुमचं नाव होतं. गाडी लागली. कुसुम खिडकीशी बसली. आणि आम्ही सगळे, एकमेकांना न सांगता, फलाटाच्या टोकाकडे बघू लागलो, कारण आता वकीलसाहेब तिकडे जाणार हे ठरलेलंच होतं.

त्यांनी इंजिनाकडे पाहिलं. एक पाऊल टाकलंही. मग वळले, कोटाच्या खिशातून दोन तिकिटं काढली आणि मुलीच्या डब्यात चढले.

"अरे, तू कुठे?" आत्याबाई किंचाळल्या.

"पोचवून येतो," ते म्हणाले. एवढंच.

गाडी गेली. परत येताना टांग्यात उस्मानभाई आनंदाने मांडीवर थापा मारत होते. "आता बघा मास्तर! साब असली घाट आतून बघून येणार. मग आपली एकेक चूक काढणार. अप्पा, तुमचा पूल गेला समजा!"

"काढू द्या," अप्पा ओरडले. "समदा पूल पुन्हा ठोकीन!"

वकीलसाहेब चार दिवसांनी परतले. कोट चुरगळलेला, दाढी वाढलेली. वहिनींना त्यांनी सांगितलं की वसतिगृह चांगलं आहे, बाई कडक आहे आणि पोरगी रडली नाही. आम्ही रविवारची वाट बघत राहिलो. त्या रविवारी सगळे वेळेआधीच हजर होतो. अप्पांनी हत्यारं बरोबर आणली होती. मी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो होतो, बोगद्यांची वळणं दुरुस्त करायला. वकीलसाहेब आले, स्टुलावर बसले आणि दांडीवर हात ठेवून घुंगरांची वाट बघू लागले. कारंज्यावर घुंगरं वाजून गेली.

"बोला ना साब!" उस्मानभाईंना राहवेना. "घाट कसा होता? पूल कसा? सायडिंगला गाडी थांबली?"

"थांबली. शिटी ऐकली."

"आणि मग? वरून खाली दरी कशी दिसते? आपल्या बोगद्यासारखाच आहे ना तो पहिला?"

वकीलसाहेबांनी आमच्या घाटाकडे पाहिलं, इगतपुरीपासून भिंतीपर्यंत, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता.

"घाट मी पाहिला नाही," ते म्हणाले. "ती खिडकीशी बसली होती. मी तिच्याकडे बघत होतो."

अप्पांनी हत्यारांची पिशवी हळूच स्टुलाखाली सरकवली. नाशिक रोडवरची मेल त्या दिवशी वेळेवर आली होती. आमची उशिरा सुटली.